लोणच्याच्या फोडीसाठी कॅल्शियम क्लोराइड: पुडी घ्यावी की चुन्याची निवळीच बरी?

आगोटीची कैरी चिरायला बसण्याआधी ठरवायची ही गोष्ट आहे. खाद्य दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड आता छोट्या पुड्यांत ऑनलाइन मिळतं, प्रक्रिया उद्योगाचं सामान ठेवणाऱ्या दुकानांतही मिळतं. लेबलवर त्याचा क्रमांक असतो आयएनएस ५०९ (आयएनएस म्हणजे खाद्य मिश्रकांची आंतरराष्ट्रीय क्रमांकयादी), आणि काम एकच सांगतात: फोड ताठ ठेवणं. निकाल आधीच सांगून टाकू. मिठाच्या पाण्यातली कैरी, करवंदं, फणसाची कुयरी, खारे गरे यांना ही पुडी चुन्यापेक्षा उजवी. कोहळ्याचा पेठा, पपईची टुटीफ्रुटी आणि जे जे उकळून मग पाकात जातं त्याला चुनाच हवा, म्हणजे चुना पाण्यात कालवून तळ बसल्यावर वर राहणारी स्वच्छ निवळी. पुडीच्या पॅकिंगला मात्र दहापैकी दोन गुण, तेही वरचं लेबल वाचता येतं म्हणून.

पुडीत पांढऱ्या पापड्या, दाणे किंवा पूड असते. वास नाही. जिभेवर कण ठेवला तर खारट, मागून कडवट, आणि चटका बसल्यासारखं वाटतं. घेताना लेबलवरचं शुद्धतेचं प्रमाण आधी बघा. ७४ ते ८० टक्क्यांच्या आसपास लिहिलं असेल तर तो डायहायड्रेट, म्हणजे पाण्याचे दोन रेणू धरून बसलेला प्रकार. ९४ टक्क्यांच्या वर असेल तर निर्जल. दोन्ही चालतात, पण मापं वेगळी: १०० ग्रॅम डायहायड्रेटचं काम ७५ ग्रॅम निर्जलात होतं. निर्जल पूड पाण्यात टाकली की पाणी चांगलंच तापतं, काचेचा पातळ ग्लास तडकू शकतो. घरी किंवा बचतगटात वापरायचं तर डायहायड्रेटच्या पापड्या घ्या. खालची सगळी मापं त्याच प्रकाराची आहेत.

एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आणि ‘खाद्य दर्जा’ हे शब्द, दोन्ही असतील तरच पुडी घ्या. कोकणात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हेच रसायन पोत्यांनी वापरलं जातं. लादी बर्फाच्या काही कारखान्यांत टाकीतल्या थंड खाऱ्या पाण्यात ते असतं, काँक्रीट लवकर धरावं म्हणूनही घालतात. बंदरावर कुणी ओळखीतून किलोभर स्वस्तात देईल. तो औद्योगिक माल असतो, त्यात जड धातू किती याची हमी कुणी देत नाही. पावसाळ्यात कपाटात ठेवायचे दमट शोषणारे डबे मिळतात, त्यांच्यातही बहुतेक वेळा हेच असतं. तेही स्वयंपाकघरात आणू नका. आणि एक गोंधळ दूर करायला हवा: आंबा पिकवायला वापरतात आणि ज्यावर बंदी आहे ते कॅल्शियम कार्बाइड. नावातला पहिला शब्द सोडला तर दोघांचा काही संबंध नाही.

आता पॅकिंगची तक्रार. हा पदार्थ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतो. हवेतली आर्द्रता साधारण ३० टक्क्यांच्या वर गेली की त्याचं पाणी व्हायला सुरुवात होते. मालवण किंवा हर्णैच्या हवेत ३० टक्के आर्द्रता म्हणजे ऐकायला छान गोष्ट. इथे जूनमध्ये उघडी पुडी फळीवर ठेवली तर सकाळी पापड्या चिकटलेल्या, संध्याकाळी तळाला तेलकट पाणी, आणि चार दिवसांत नुसता पांढुरका रस. तरीही बहुतेक विक्रेते साध्या पातळ पिशवीत भरून देतात, चेनसुद्धा नाही. असा रस फुकट गेलेला नसतो, पण त्यातल्या पाण्याचं प्रमाण कळत नसल्याने वजनाचं माप कोलमडतं. ‘एक चमचा’ म्हणजे किती, याला मग अर्थच उरत नाही.

त्यावर तोड सोपी आहे: पुडी फोडली त्याच दिवशी तिचं द्रावण करून टाका. १०० ग्रॅम पापड्या तोलून घ्या. मोठ्या काचेच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या भांड्यात उकळून गार केलेलं ७०० मिली पाणी घ्या आणि त्यात पापड्या थोड्या थोड्या करून सोडा. पाणी पापड्यांवर ओतू नका, पापड्या पाण्यात टाका. भांडं कोमट लागेल. निवलं की पाणी घालून बरोबर १ लिटर करा. झालं. आता या द्रावणाचे १० मिली म्हणजे १ ग्रॅम, आणि औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण तुमचा तराजू. हे बाटलीत वर्षभर राहतं. बाटलीवर नाव ठळक लिहा, दिसायला ते पाण्यासारखंच असतं. स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात साठवू नका. क्लोराइड स्टीललाही बारीक टोचे पाडतं आणि ॲल्युमिनियम तर खातंच. हाताला कुठे कापलं असेल तर चरचरतं, हातमोजे घाला.

फोड ताठ राहते ती कशामुळे, हे कळलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. फळातलंच एक विकर, म्हणजे एंझाइम, त्या पेक्टिनवरचे काही गट काढून जागा मोकळ्या करतं आणि त्या जागी कॅल्शियम बसून दोन साखळ्यांमध्ये टाके घालतं. ताठपणा म्हणजे हेच टाके. म्हणून कॅल्शियम क्लोराइडला दोन गोष्टी लागतात: फळ कच्चं हवं आणि त्यातलं विकर जिवंत हवं. उकळलेल्या फोडीत विकर मेलेलं असतं. तिथे ही पूड कितीही घाला, फोड तशीच लिबलिबीत राहते आणि खार तेवढा कडू होतो. उकडांब्याला हे चालत नाही ते यामुळेच. पिकत आलेल्या, पिवळट कैरीलाही त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे पेक्टिनच तुटायला लागलेलं असतं, टाके घालायला कापडच शिल्लक नसतं. एकदा मऊ पडलेली फोड परत ताठ करणारं काही अजून बाजारात आलेलं नाही, विक्रेता काहीही म्हणो.

तेलातल्या लोणच्यासाठी बुडवून काढण्याची पद्धत चांगली. बाठ धरलेली, हिरवीगार, कडक रायवळ कैरी घ्या. वाऱ्याने पडलेली, एका बाजूला ठेचलेली नको. ठेच लागलेल्या जागेपासूनच मऊपणा पसरतो. फोडी केल्यावर लगेच, म्हणजे तासाभराच्या आत, १ किलोला ९५० मिली पाणी आणि ५० मिली द्रावण यात बुडवा. हे अर्धा टक्का झालं. एक तास ठेवा, अधूनमधून हलवा. मग निथळून, एकदा साध्या पाण्यातून काढून, पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरड्या करा. त्यानंतर नेहमीसारखं मीठ, मसाला, गार केलेली फोडणी. फोडणी गरम ओतायची सवय असेल तर तीही सोडा. फोडी निम्म्या शिजतात आणि दोष पुडीला जातो. बुडवलेलं पाणी त्याच दिवशी दुसऱ्या घाण्याला वापरता येईल, पण तिसऱ्यांदा नको.

या हिशोबाने १० किलो कैरीला ५० ग्रॅम पुरतात, आणि ५०० ग्रॅमच्या पुडीत १०० किलो. घरच्या बेगमीला १०० ग्रॅमची पुडी भरपूर झाली. मोठी पुडी स्वस्त पडते म्हणून घेतली तर उरलेल्याचं पावसात पाणीच होणार.

मिठाच्या पाण्यातल्या अख्ख्या कैऱ्यांना वेगळा हिशोब. १ किलो कैरीला १ लिटर पाणी, २५० ग्रॅम मीठ, उकळून पूर्ण गार केल्यावर ३० मिली द्रावण. मीठ जास्त वाटेल, पण कैरीतलं पाणी बाहेर आलं की खार जवळजवळ निम्म्यावर येतो आणि शेवटी १२ टक्क्यांच्या आसपास राहतो. कॅल्शियमही तसंच पातळ होतं, म्हणून आधी थोडं चढं घ्यायचं. ४०-५० मिलीच्या पुढे मात्र जाऊ नका, खाराला कडवट छटा येते आणि साल चामड्यासारखी चिवट होते. कैरी खाराखाली दाबून ठेवायचा दगड किंवा ताटली हवीच. पृष्ठभागावर बुरशीचा पांढरा थर आला तर ती बुरशीच पेक्टिन खाणारी विकरं सोडते. कॅल्शियम क्लोराइड बुरशी थांबवत नाही. ते लोणचं टिकवत नाही, फक्त फोड ताठ ठेवतं. ‘आता मीठ कमी घातलं तरी चालेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

इथे पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो कोकणाचाच प्रश्न आहे. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी हलकं असतं, त्यात कॅल्शियम फार कमी. म्हणून तर इथे डाळ पटकन शिजते. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यात फोडीला थोडं कॅल्शियम आपोआप मिळतं. तिकडच्या कृतीने, त्याच मापाने केलेलं लोणचं इथे लवकर मऊ पडलं, तर हात वाईट नाही, पाणी हलकं आहे. ही पुडी कोकणात जास्त कामाची ती या कारणाने. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचं पाणी हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यात मॅग्नेशियम आणि इतर क्षार असतात, चव बिघडते.

आता चुना. पुडीवाल्यांचं म्हणणं की चुना जुनाट झाला. तसं नाही. निवळीची एक खुबी पुडीत नाही: तिला स्वतःचा लगाम आहे. १ लिटर पाण्यात विरलेला चुना साधारण पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. मूठभर जास्त टाकला तरी तो तळाशीच बसतो, वरची निवळ तेवढीच राहते. त्या १ लिटर निवळीत जितकं कॅल्शियम असतं, तितकं पुडीतल्या साधारण साडेतीन ग्रॅमांत. म्हणजे हात सैल असलेल्याला निवळीने फारसा धोका नाही, पुडीने आहे. गरम पाण्यात चुना आणखी कमी विरघळतो, म्हणून निवळी गार पाण्याचीच करायची. ताजी वापरा. हवा लागली की वर सायीसारखा पापुद्रा धरतो, तो खडूचा असतो आणि निवळी तेवढी फुकट जाते.

दुसरी खुबी जास्त महत्त्वाची. निवळी तीव्र अल्कली आहे. पेक्टिनवरचे गट काढायला तिला फळातल्या विकराची गरज नाही, ते काम ती स्वतःच करते. म्हणून उकळायच्या कोहळ्याला, पपईला निवळीत आधी तीन-चार तास ठेवलं की नंतर उकळूनही तुकडा उभा राहतो. पपईच्या टुटीफ्रुटीत पुडी वापरायचीच असेल तर १ सेंटिमीटरचे कच्चे तुकडे अर्ध्या टक्क्याच्या द्रावणात ५५ ते ६० अंशांवर २० मिनिटं ठेवा. विकर त्या तापमानाला जोरात काम करतं, ७५ च्या पुढे मरायला लागतं. थर्मामीटर लागतोच, बोटाने हा अंदाज येत नाही. मग तुकडा इतका ताठ होतो की पाक आत शिरायला तयार होत नाही. एकदम घट्ट पाकात टाकलात तर तुकडे सुरकुतून मनुक्यासारखे होतात. ३० ब्रिक्सच्या (म्हणजे १०० ग्रॅम पाकात ३० ग्रॅम साखर) पातळ पाकापासून सुरुवात करून रोज दहाने चढवत ७० पर्यंत न्या. निवळीने केलेल्या तुकड्यालाही हाच नियम.

चुन्याची अडचण आंबट पदार्थांत येते. निवळीत बुडवलेली कैरी तिचा आंबटपणा फारसा गमावत नाही, कारण १ लिटर निवळी जेमतेम ३ ग्रॅम सायट्रिक आम्ल मारते. पण कुणी घाईने खालचा पांढरा चुनाच फोडीला चोळला तर आम्ल भराभर जातं, आणि लोणचं टिकतं ते निम्मं आम्लावर. करवंदांचं तर दिसतंच: निवळीत पडली की तांबडा रंग मळकट जांभळा होतो. कैरीचं धुवायचं राहिलं तर मसाला घातल्यावर हळदीचे लाल ठिपके उठतात. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं हे नवीन नाही, लोणच्यात ते नको इतकंच. यावरून एक सोपी परीक्षा करता येते. फोडी तीन-चार पाण्यांतून काढल्यावर शेवटच्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. पाणी पिवळं राहिलं तर चुना गेला, लालसर झालं तर अजून धुवा. पुडीच्या द्रावणाला हे काहीच लागत नाही. ते जवळजवळ उदासीन आहे, रंग बदलत नाही, आम्ल मारत नाही. खारातल्या पदार्थांना पुडी उजवी म्हटलं ते या एका गुणासाठी. चुना वापरायचाच तर खायच्या पानाचा साधा, बिनवासाचा घ्या. भिंतीचा नको, आणि कळीचा चुना घरी विरवत बसूही नका. तो उकळून उडतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

करवंदाला पुडी वापरताना फळ मधून चिरा. अख्ख्या फळाची साल द्रावण आत जाऊ देत नाही, आणि मग ‘काही फरक पडला नाही’ अशी तक्रार होते. आवळ्याला काट्याने टोचे मारा. फणसाच्या कुयरीच्या फोडी आणि कच्चे गरे यांना कैरीच्याच खाराचं माप चालतं. बिमलीच्या खारात पांढरा गाळ बसलेला दिसेल. बिमलीत ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून खाली बसतं. खराब झालं म्हणून टाकू नका. पण तेवढं कॅल्शियम फोडीला मिळालं नाही हेही खरं, म्हणून बिमलीला या पुडीचा भरवसा देता येत नाही.

पुडीच्या मागे आणखी उपयोग छापलेले असतात. चीजसाठी १ लिटर पिशवीच्या दुधाला २ मिली द्रावण, दूध गोठवणारं रेनेट घालण्याआधी: उपयोग होतो, दही घट्ट धरतं. घरच्या पनीरला लिंबू पुरेसं आहे. रिसॉर्टच्या ताटात आमरसाचे ‘मोती’ दिसतात त्यात सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून काढलेली, कॅल्शियमने घट्ट होणारी पूड) आणि हेच द्रावण असतं. रसात अर्धा टक्का अल्जिनेट, बाहेर पाऊण टक्क्याचं द्रावण, मिनिटभर ठेवून साध्या पाण्यातून काढायचे. मोती आतपर्यंत घट्ट होत जातात, म्हणून लगेच वाढायचे. कोकमाच्या आगळाचे मोती मात्र असे होत नाहीत. आगळ फारच आंबट, अल्जिनेट त्यात पडताच गुठळ्या धरतं. आधी सोडियम सायट्रेटने आंबटपणा उतरवावा लागतो, आणि तो उतरवला तर आगळ कशाला घेतलं हा प्रश्न उरतोच.

एका पुडीवर ‘हाडांसाठी पोषक’ असंही छापलेलं दिसतं. हिशोब करा: किलोला ३ ग्रॅम डायहायड्रेट मुरलं असं धरलं तरी पानातल्या २० ग्रॅम लोणच्यात त्याचं कॅल्शियम १६ मिलिग्रॅम. त्यापेक्षा जास्त अर्ध्या वाटी ताकात मिळतं.

विक्रीसाठी लोणचं करणाऱ्या बचतगटांनी एवढं बघावं: हे खाद्य मिश्रक (ॲडिटिव्ह) असल्याने घटकांच्या यादीत त्याचा प्रकार आणि आयएनएस क्रमांक लिहावा लागतो, आणि आपल्या पदार्थाला किती प्रमाण चालतं ते एफएसएसएआयच्या तक्त्यात तपासून घ्यावं लागतं. माप द्रावणाने आणि वहीत लिहून घेतलं तर प्रत्येक घाण्याचं उत्तर देता येतं. चिमटीने घातलं तर मे महिन्याच्या बरणीत फोड कुरकुरीत आणि त्याच कृतीच्या जूनच्या बरणीत मऊ निघते, कारण मधल्या काळात पुडी ओली झालेली असते.